आधी ऊन मोज, मग कुंड्या घे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बाल्कनीत बाग करायचं ठरवलंस, छान झालं. पण तू पाठवलेल्या यादीतल्या १५ छोट्या कुंड्या खोड आणि ५ मोठ्या घे. ६ इंची कुंडीत मूठभर माती. कडक उन्हात ती दुपारीच कोरडी पडते. १२ इंचीत ओल टिकते आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. वजनाचा मात्र विचार कर. अशी एक कुंडी ओली झाली की १५ ते २० किलो भरते. तेव्हा कठड्यावर काही ठेवायचं नाही, सगळं भिंतीच्या बाजूला.

त्याआधी ऊन मोज. सकाळपासून दर तासाला बाल्कनीचा फोटो काढ, म्हणजे थेट ऊन कुठे आणि किती वेळ पडतं ते कळेल. ६ तास मिळालं तर टोमॅटो, मिरची, वांगी लाव. ३-४ तासांत पालक, मेथी, पुदिना होतो. त्याहून कमी असेल तर भाज्यांचा नाद सोड, मनी प्लांट लाव आणि सुखात राहा.

माती २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट १ भाग. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घे. तळाला खड्यांचा थर द्यायला सगळे सांगतील, तू देऊ नकोस. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. ओला चिखल तसाच राहतो, फक्त वर सरकतो, आणि मुळांची जागा खाल्ली जाते ती वेगळीच. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

आता पाणी. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत खुपस. ओल लागली तर झारी खाली ठेव. द्यायचंच तर तळातून बाहेर येईपर्यंत दे, आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाक. पानं मलूल दिसली की हात आपोआप झारीकडे जातो, पण माती ओली असूनही पानं माना टाकत असतील तर बहुधा मुळं कुजताहेत, तिथे आणखी पाणी म्हणजे विष. उलट, माती फार सुकली की कडेपासून सुटते आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. तळ ओला, गाभा कोरडा! अशा वेळी कुंडी पाण्याच्या बादलीत ठेव, बुडबुडे थांबले की काढ.

टोमॅटोच्या तळाला चामड्यासारखा काळा डाग पडला तर फवारणीच्या मागे लागू नकोस. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित कर, पुढची फळं नीट येतील. ३५ अंशांपुढे फुलं गळतात, त्याला इलाज सावलीची जाळी. वारा आणि मधमाश्या पोचत नसतील तर सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मार. काकडीला मात्र परागण हातानेच करावं लागेल: नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादी फुलात हलकेच फिरव. मादी फूल ओळखणं सोपं, मागे इवलीशी काकडी असते. दोन-तीन दिवसांत ती फुगायला लागते, ते बघण्यात जी मजा आहे ती विकतच्या भाजीत नाही.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, आला तर १ लिटर कोमट पाण्यात १ मिली लिक्विड साबण, त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. आधी एका पानावर मारून बघ. मग संध्याकाळी पानांच्या मागून फवार, ७ दिवसांनी पुन्हा. पिठ्या ढेकणांना (कापसासारखे पांढरे दिसणारे किडे) मेणाचं कवच असतं, ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढ. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की कीड वर कुठेतरी आहेच समज. मुंग्या तिचा गोड चिकटा खायला येतात.

फोटो पाठवशील तेव्हा पानांची मागची बाजू आणि कुंडीचं भोकही दिसू दे. नुसत्या वरच्या हिरवळीवरून मला काही सांगता येणार नाही.

तुझा,
अनिल