हृदयाला पडलेलं छिद्र कोणाच्या अखत्यारीत येतं?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या मंगळवारी तक्रार निवारण कक्षाचं उत्तर आलं. साडेतीन महिन्यांनी, एका ओळीत: 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' 2021 मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली, तक्रारीची सोय केली. त्या भरवशावर, पेसमेकर बसवताना आईला झालेल्या इजेबद्दल मी अर्ज केला होता.

माझी आई 83 वर्षांची, वजन 39 किलो, जुना दमा. ठोके पस्तीसवर आले म्हणून पेसमेकर ठरला. डॉक्टर म्हणाले, लीडलेस बसवू. छातीवर चीर नाही, वायर नाही. दोन ग्रॅमची कॅप्सूल जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात. आईच्या पाटल्या मोडल्या, भावाने कर्ज काढलं.

यंत्राशी माझं भांडण नाही. वायर तुटणं, नेहमीचं यंत्र ठेवायला छातीच्या कातडीखाली केलेल्या खिशात पू होणं यातून ते रुग्णाला वाचवतं. पण ते आत नेणारी नळी जवळजवळ नऊ मिलिमीटर जाड असते आणि उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत पातळ. म्हणून दोन कप्प्यांमधल्या पडद्याचीच जागा धरायची, एक्स-रेत दिसणारं डाय सोडून वेगवेगळ्या कोनांतून खात्री करायची, मगच कॅप्सूल सोडायची. हे मी आईच्या खाटेशी बसून वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

आईच्या हृदयाला छिद्र पडलं. हृदयाभोवती रक्त साठलं, प्रेशर लागेना. सुई घालून रक्त काढलं, तरी थांबेना. तेव्हा आम्हाला सांगितलं की इथे हृदयशल्यचिकित्सक नाहीत, दुसरीकडे न्या. चाळीस मिनिटं ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचा हात धरून होते. तो हात गार पडत होता, महोदय. दुसऱ्या रुग्णालयात छाती उघडून टाके घातले. जिच्या छातीवर एक चीर येणार नव्हती, तिचं हाड मधोमध कापलं. आता ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2021 मध्येच डॉक्टरांना लेखी सावध केलं होतं: छिद्र पडायचं प्रमाण वायरच्या पेसमेकरसारखंच दिसतं, पण पडलं तर परिणाम अधिक गंभीर. सुरुवातीच्या 725 रुग्णांच्या अभ्यासात हृदयाला इजा झाली ती शंभरात दीडेक जणांना. म्हातारी, किडकिडीत, फुप्फुसाचा जुना आजार असलेली बाई म्हणजे धोका जास्त. आमच्या संमतीपत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. ते इंग्रजीत होतं आणि आईने त्यावर अंगठा उठवला.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टची तपासणी होते. धडधडत्या हृदयात नळी घालणाऱ्या खोलीबाहेर सर्जन आहे का, हे कोण तपासतं? सदोष कृत्रिम खुबे 2010 मध्ये जगभरातून परत बोलावले. आपल्याकडे भरपाईचं सूत्र ठरायला 2018 उजाडलं. स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतीला 2017 मध्ये केंद्राने लगाम घातला, पेसमेकरला का नाही? उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद ठेवायला 2015 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण रुग्णालयाने कळवलं तर कळवलं. आईची नोंद तिथे झाली का, हे मला कोणीही सांगत नाही. माणूस मेला काय, जगला काय, कागद फक्त या टेबलावरून त्या टेबलावर जातो. निवडणुकीत मात्र आमचं दार बरोबर सापडतं.

माझं मागणं एवढंच. जिथे हृदयशल्यचिकित्सक हजर नाही, तिथे लीडलेस बसवू देऊ नका. इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं यंत्र आणि रक्त काढायचं सामान टेबलाशेजारी तयार असल्याशिवाय सुरुवात होऊ देऊ नका. संमतीपत्र मराठीत असू द्या, त्यात त्या रुग्णाचा धोका लिहा. प्रत्येक इजेची नोंद सक्तीची करा आणि तिची प्रत घरच्यांना द्या.

आणि मी चुकीच्या कार्यालयात गेले असेन, तर बरोबर कार्यालय कोणतं, ते आपल्या सहीने कळवा. अर्जाची प्रत, दोन्ही डिस्चार्ज कार्डं आणि ती एक ओळ सोबत जोडली आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी