भाषाविज्ञानवाल्यायसाठी रविवारची सूचना

समदे वाचा बाप्पा, रविवारी सकाळी ९ वाजता गावच्या वाचनालयात सामान्य भाषाविज्ञानाचं पहिलं युनिट घेऊन राहिलो, ज्यायच्या घरी कापूस वेचणी सुरू आहे त्यायनं १० पर्यंत आले तरी चालते. ध्वनी आन् स्वनिम (म्हंजे जो बदलला का शब्दाचा अर्थच बदलते, असा ध्वनी) यातला फरक नीट करू, त्यासाठी काल-गाल, पळ-फळ अशा जोड्या घरून शोधून आणा, एकच ध्वनी बदलला पाहिजे, बाकी समदं सेम. आजीचं बोलणं पाचेक मिनिट मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण तिले विचारून! डोळ्याले डोया म्हणते तं हसू नका, वऱ्हाडीत ळ चा य नियमानंच होते. इंग्रजांच्या काळातले भाषा-अभ्यासक ग्रियर्सन यायच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात, १९०५ मधी, वऱ्हाडीचे नमुने आहेत, त्याच्या झेरॉक्स मी आणतो. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा सोस्यूर पुढच्या वेळी, तो एका बैठकीत होत नाही.