खाँसाहेब नंतर, आधी पंडितजी

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. सोसायटीच्या कॅलेंडरचं जूनचं पान, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने 'कट्यार काळजात घुसली' ह्या संगीत नाटकाची तुमची स्वप्नातली पात्रयोजना. उमेच्या भूमिकेपाशी खोडून खोडून कागद इतका विरलाय की पलीकडची तारीख दिसते. हे सगळं फोनवर बोलायला गेलं की तुमचा आवाज चढतो आणि आई फोन काढून घेते, म्हणून लिहायला बसलो. (बघा, 'बसलो'च आलं. इथे ऑफिसात मी 'मी आलो' म्हटलं की पोरी अजून हसतात. बेळगावच्या बायका अशाच बोलतात म्हणून सांगून दमलो. हसू देत.)

तुमचा नियम मला पाठ आहे. माणूस हयात असो नसो, त्याचं गाणं तुम्ही स्वतः ऐकलेलं पाहिजे, रेडिओवर ऐकलं असलं तरी चालेल. पण यादी काय केलीत? खाँसाहेब – वसंतराव देशपांडे, खाली दोन रेघा. झरीना – फैयाज. सदाशिव – प्रसाद सावकार. अहो, ही तर २४ डिसेंबर १९६७ च्या पहिल्या प्रयोगाचीच माणसं! ह्याला स्वप्न कोण म्हणेल? ही जुनी जाहिरात झाली. खोडलेली तेवढी एकटी उमा.

माझं म्हणणं असं की सगळे खाँसाहेबापासून सुरुवात करतात, तिथेच चुकतं. ताना, तोरा, राजगायकाला मिळणारी ती कट्यार आणि तिच्याबरोबर मिळणारा एक खून माफ, हे सगळं खाँसाहेबाच्या पदरात आयतं पडलंय. त्याच्यासमोरच्या पंडित भानुशंकरांकडे काय आहे? हरायचं आणि गाव सोडून जायचं. पण जो माणूस गप्प झालाय त्याच्या गप्प बसण्यात गाणं ऐकू आलं नाही, तर खाँसाहेब जिंकला कुणाला? नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवांनी एकाच 'घेई छंद' पदाला दोन चाली उगाच दिल्या नाहीत. पंडितजींची चाल शांत, स्वतःशी बोलल्यासारखी. ती मनात बसली असली तरच खाँसाहेबाची आतषबाजी म्हणजे काय ते कळतं.

म्हणून माझे पंडितजी कुमार गंधर्व.

थांबा, लगेच फोन उचलू नका. कुमारांनी नाटकात कशाला यावं, हे मलाही ठाऊक आहे. पण सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस, लहानपणी लोकांनी डोक्यावर घेतलेला, ऐन उमेदीत क्षयाने अंथरुणाला खिळतो. डॉक्टर सांगतात, गायचं नाही. देवासला पाचेक वर्षं पडून राहायचं आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची माळव्यातली गाणी नुसती ऐकायची. गाणं गळ्यापर्यंत येऊन परत आत जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पहिल्या अंकात त्यांनी तंबोरा खाली ठेवला की पुढे एक शब्द बोलले नाहीत तरी चालेल. आणि गाडीने अर्ध्या तासावरचं गाव, आपल्याच माणसाला यादीत घेतलं नाहीत तुम्ही!

परवा इथे चहाच्या टपरीवर आम्ही चौघं-पाचजण असेच भांडत होतो. एकाला 'संगीत देवबाभळी' नाटकात तुकोबांची आवली आणि लखुबाई करणाऱ्या दोघींची अदलाबदल करून बघायची होती. मला ते पटलं नाही. ते नाटक दोघींच्याच खांद्यावर उभं आहे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांचे आवाज एकमेकींना असे बेतून बसलेत की एक हलवला तर दुसरीला टेकू राहत नाही. दुसरा म्हणाला, असली स्वप्नं कधी खरी होत नाहीत. मग मला तुमचीच गोष्ट सांगावी लागली, ८ जुलै १९२१ ची. मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन चढाओढीच्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. गोष्ट अगदी तुमच्यासारखी सांगितली, हातवारे करून. आणि शेवट सांगताना तुमच्यासारखीच अडखळलो, कारण त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले.

आई, तुझा निरोप बाबांनी फोटोखाली टाइप करून पाठवला, 'साथीला कोण ते आधी ठरवा म्हणावं.' एवढ्या वर्षांत ह्या खेळातला हाच एक शहाणा प्रश्न. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला थिरकवाखाँ होते हे ह्या पुरुषांना कसं आठवत नाही कोण जाणे. ऑर्गनला तुझ्या मनात कोण आहे ते कळव. आणि कट्यारमधल्या कविराजाच्या जागी तू बाबांना घेतलंस असं कळलं. योग्य निवड. सगळ्यांची गुपितं माहीत, मध्ये मध्ये बोलायला मोकळीक आणि गायची जबाबदारी नाही.

आता कामाचं. सदाशिव पेठेत 'सौभद्र' लागलंय. तरुण मुलं आहेत सगळी. बाबा, 'आता कोण राहिलंय' हे वाक्य तुमच्या तोंडावर आलंय, मला इथून ऐकू येतं. राहुल देशपांडेची कट्यार बघायला निघतानाही तुम्ही हेच म्हणाला होता, 'आजोबांच्या नावावर गातोय.' मध्यंतरात मी चहा आणून दिला तर कप हातात तसाच धरून उभे राहिलात, साय धरली त्याच्यावर. एक शब्द बोलला नाहीत. घरी येऊन रात्री मोरीत पाय धुताना गुणगुणत होता. आई साक्षीला आहे.

आणि अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचं नाटक बघायला बेळगावचा माणूस पुण्याला आला नाही, तर मी इथे कुणाला तोंड दाखवू?

तीन तिकिटं काढलीत, कडेची, आईला गुडघा लांब करता येईल अशी. वंदे भारतने या, बसने नको. कुंदा अर्धा किलोच आणा, मागच्या वेळी दोन किलो आणलात आणि फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही. यादी बरोबर आणलीत तरी चालेल, पण प्रयोग चालू असताना खिशातून काढायची नाही. आणि उमेच्या जागी शेवटी कोण, ते पेनाने लिहून आणा.

तुमची,
धाकटी