एकशे वीस साड्यांचा रिपोर्ट

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी सेलूची. घरात शिलाई मशीन आहे, साड्यांना फॉल-पिको करून देते. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे.

दिवाळीच्या सुटीत तो मला धडा वाचून दाखवत होता. घडाघडा, एक शब्द न चुकता. मशीनवरून मान वर करून बघितलं, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडं. सगळा धडा लेकराने वर्गात ऐकून पाठ केला होता. पानावरच्या 'घर' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, तर आधी 'धर' म्हणाला, मग माझ्या तोंडाकडे बघत 'भर' म्हणाला आणि पुस्तक मिटून गप्प बसला.

त्याआधीची दोन वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. मी स्वतः त्याला कापड मोजायच्या पट्टीने मारलं आहे. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं, कारण माझ्यासारख्या किती आया आजही मारत असतील.

शाळेतल्या नव्या बाईंनी सांगितलं, डिस्लेक्सिया असू शकतो, म्हणजे हुशार मुलालाही अक्षरं ओळखायला, वाचायला अडचण येते, तपासून घ्या. आधी सरकारी दवाखान्यात गेलो. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं, डोळे-कान ठीक निघाले. पण पुढची चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञच तिथे नव्हते. 'पुढच्या महिन्यात या' हे तीनदा ऐकलं. तिथल्या कुणावर माझा राग नाही, खुर्चीच रिकामी होती.

शेवटी सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस धरून संभाजीनगरला खासगीत नेलं. दोन वेळा बसवलं, 7,200 रुपये घेतले. एका साडीमागे मला 60 रुपये मिळतात. म्हणजे एकशे वीस साड्या, गाडीभाडं वेगळं आणि यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळी. त्या मॅडमनी मन लावून काम केलं. पण वाचनाचे छापील उतारे इंग्रजीतले. मराठीसाठी त्यांनी दुसरीचं पुस्तक काढलं आणि अंदाजाने तपासलं. साहेब, आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि तोंडात ती नंतर येते. घ-ध, भ-म, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, इथेच माझं लेकरू अडतं. ते इंग्रजीच्या उताऱ्यात कसं सापडणार?

रिपोर्ट हातात आला: अध्ययन अक्षमता. डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत सरकारी दवाखान्यात नेला. उत्तर मिळालं, खासगी रिपोर्टवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, चाचणी इथेच व्हावी लागेल. इथे म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीपुढे.

कायदा आमच्या बाजूने आहे हे मला बाईंनी समजावलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ही अक्षमता आहे. मुलांमधली अशी अडचण लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्यात त्यावर उपाय करायचा, असं त्याच्या 16 व्या कलमात शाळांसाठी लिहिलेलं आहे. जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र आणि मग चौदाव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. तसंच असेल तर हा खर्च आम्हाला एकदाच करायचा नाही. आणि प्रमाणपत्र नसेल तर दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही. मुंबईत पालिकेच्या सायन रुग्णालयात या मुलांसाठी वेगळा विभाग आहे म्हणतात. परभणीहून मुंबई म्हणजे एक अख्खी रात्र गाडीत.

माझं मागणं साधं आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात, आठवड्यातला एक वार या तपासणीसाठी ठरवा. त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ हजर हवेत आणि चाचणी मराठीतून हवी. वार शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असू द्या. हे सुरू होईपर्यंत, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या खासगी मानसशास्त्रज्ञांचा रिपोर्ट ग्राह्य धरा आणि त्याची फी सरकारने भरा.

शाळेत बालस्वास्थ्यची, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी आरोग्य पथकाची गाडी दरवर्षी येतेच. दात बघतात, डोळे बघतात. त्यांच्या यादीत शिकण्यातल्या अडचणीही आहेत. मग त्या पथकाने तिसरी-चौथीच्या पोरांकडून चार ओळी वाचून घ्यायला काय हरकत आहे? फक्त हे काम पावसाळ्यात उरका. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं आईबापाबरोबर निघून जातात, बीडकडची तर हजारोंनी. ती परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. त्यांच्यातलं एखादं वाचत नसेल, तर 'शाळाच बुडाली म्हणून' असं म्हणून विषय संपतो. खरं कारण कुणी शोधतच नाही.

माझ्या मुलाला नऊ वर्षं पूर्ण झाली आहेत. जूनमध्ये तो पाचवीत जाईल. पिशवीतला रिपोर्ट मी जपून ठेवला आहे, पण तारीख तुमच्या हातात आहे. ती कळवा, आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीने येऊ.

आपली,
एक आई
सेलू, जि. परभणी