पिण्याच्या पाण्याला कार्ड, मग तलावाला का नाही?

महोदय,

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माहेर ढिवराचं. बाबा जाळं टाकायला निघाले की मीही मागोमाग जायची. सहाव्या वर्षी पाठीला दोन वाळलेले भोपळे बांधून त्यांनी मला गावतलावात सोडलं, आणि पावसाळा लागायच्या आत मी भोपळ्यांशिवाय पोहू लागले. पुढे ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आज त्याच तलावात मी माझ्या नातीला उतरू देत नाही.

मागच्या दिवाळीत उतरू दिलं होतं. तिसऱ्या दिवशी तिचा कान वाहायला लागला, अंगभर खाज सुटली. तालुक्याच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी धरायच्या आधीच विचारलं, "कुठं पोहली?"

कारण गावात सगळ्यांना दिसतं. काही वर्षांपूर्वी सिमेंटच्या नाल्या झाल्या. रस्त्यावरचा चिखल गेला, त्याचा आनंदच आहे. पण त्या नाल्यांची तोंडं तलावात सोडली. घरोघरी संडास झाले, तेही चांगलंच. मात्र कित्येक टाक्यांना शोषखड्डा नाही. टाकी भरली की वरचं पाणी पाइपाने नालीत आणि नालीतून तलावात. माझ्या लहानपणीही तलावात म्हशी बसायच्या, घाटावर कपडे धुतले जायचे, पाणी काही काचेसारखं नव्हतं. पण माणसाची घाण अशी रोज, पाटाने आणल्यासारखी येत नव्हती. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू नेमके त्यातूनच येतात.

तलाव घाण झाला म्हणून पोरं पोहायचं सोडत नाहीत, ती मुरमाच्या खदानीकडे जातात. खदानीचा काठ सरळ तुटलेला, पाणी गढूळ, तळाचा अंदाज नाही. तलावाच्या पाळीवर निदान चार माणसं असतात, तिथं हाक ऐकायला कोणी नसतं. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा असाच गेला. त्याला पोहता येत नव्हतं, कारण शिकायला जागाच राहिली नव्हती. त्याच्या आईला मी अजून रस्त्यात भेटते.

पॅरिसच्या सीन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. जुलै २०२५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पावसात गटाराचं पाणी नदीत उसळू नये म्हणून तिथं जमिनीखाली प्रचंड टाकी बांधली, आणि पोहायचं की नाही हे त्या दिवशीचं पाणी बघून झेंड्याच्या रंगाने सांगतात. एवढ्या मोठ्या शहराची नदी सुधारते, तर दीडदोनशे घरांच्या गावाचा तलाव का सुधारू नये? पूर्व विदर्भात मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या गावजमीनदारांच्या, काळचे सहा हजारांवर तलाव आहेत. पाळ, तुडूम (पाणी सोडायची मोरी), सांडवा यांचा हिशेब आपल्याच पूर्वजांनी बसवला होता.

झेंड्याची पद्धत आपल्यालाही नवीन नाही. पिण्याच्या पाण्याची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतंच. तसंच कार्ड गावतलावाला द्या, एवढंच माझं मागणं आहे. फक्त ते वर्षातून दोनदा नको, पोहण्याच्या दिवसांत दर महिन्याला हवं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याचे नमुने घेतोच, त्यात तलावाची एक बाटली वाढेल. इथं एक सांगते: गावात पाणी तपासायला वापरतात ती, दूषित पाण्याने काळी पडणारी छोटी बाटली या कामाची नाही. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे, जंतू आहेत की नाहीत एवढंच सांगते आणि तलावाचं पाणी टाकलं की जवळपास नेहमीच काळी होईल. पोहण्यासाठी जंतूंची मोजणी लागते. आंघोळीच्या पाण्याचं सरकारी मानक ठरलेलं आहे: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर कधीच नको. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि आकडा पाळीवरच्या फलकावर लागला पाहिजे. जोराचा पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस, आणि उन्हाळ्यात पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर आला की तो जाईपर्यंत, मोजणीची वाट न बघता लाल कार्ड लावावं.

पण नाली तशीच राहिली तर कार्ड कायम लालच राहील. म्हणून आधी नालीचं तोंड वळवायचं. तलावाच्या अलीकडे एक गाळ बसायचं टाकं, त्यापुढे कर्दळ लावलेला उथळ खड्डा, आणि घरोघरी शोषखड्डे. ग्रामपंचायतीच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) निधीत स्वच्छतेचा वाटा असतो, त्यातून हे करता येतं. आणि गाळ काढताना जेसीबीने मधेच खोल खड्डे सोडू नयेत. कमरेइतक्या पाण्यात चालणाऱ्या पोराच्या पायाखालची जमीन तिथं एकदम जाते. घाटाजवळचा तळ उतरता ठेवावा.

१ मेच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे. बाकी गावांतल्या बायांनीही द्यावा, कारण पोरं आपली आहेत. मांडवावरचे दोन भोपळे मी हिवाळ्यात तोडले नाहीत. ते आता खडखडीत वाळले आहेत, नातीच्या मापाचे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. भंडारा