पंचनामा कड्याखाली झाला, मृत्यूचं कारण कड्यावर होतं

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सातपुड्यात रॅपलिंग करताना झालेल्या मृत्यूची तांत्रिक चौकशी करून अहवाल जाहीर करण्याबाबत

महोदय,

यंदाच्या श्रावणात सातपुड्यातल्या एका धबधब्याच्या कड्यावर रॅपलिंग करताना, म्हणजे दोराने कड्यावरून खाली उतरताना, आमचा सहकारी गेला. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव लिहीत नाही. जागाही सांगत नाही, कारण जागा कळली की दुसऱ्या दिवशी लोक ती बघायला जातात. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मिळून दोराचं काम खरोखर जाणणारी जी मोजकी माणसं आहेत, त्यांतला तो एक. आठवडाभर कृषी सेवा केंद्रात कपाशीचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा, रविवारी लोकांची पोरंबाळं कड्यावरून सुखरूप खाली उतरवायचा. मानधन म्हणाल तर बहुतेक वेळा जेवण आणि पेट्रोल.

द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांच्या सांत्वनाला, नाशिक-पुण्याकडचेही गिर्यारोहक आले होते. एरवी एकमेकांना फक्त सुळक्यांवरच्या फोटोंतून ओळखणारी माणसं ओट्यावर दाटीवाटीने बसली होती. फार कोणी बोललं नाही. त्याची आई मात्र येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "भाऊ, दोर तं नवाच व्हता ना?"

दोर नवाच होता, महोदय. तुटलाही नाही. त्याच्याबरोबर अख्खाच्या अख्खा खाली आला. म्हणजे वर जिथे तो बांधला होता तिथलं काहीतरी सुटलं. दगडात ठोकलेला बोल्ट उपटला, आधाराला बांधलेली पट्टी फाटली, कॅराबिनर नावाच्या कडीचा स्क्रू उघडा राहिला, की ज्या दगडाचा आधार घेतला तो दगडच हलला, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

पंचनामा कड्याच्या पायथ्याशी झाला, तो पडला तिथे. पोलिसांना मी दोष देत नाही. भर पावसात, शेवाळलेल्या वाटेने, साध्या बुटांनी हवालदारांनी वर चढावं अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. पण कड्याच्या माथ्यावर, जिथे कारण होतं, तिथे आजपर्यंत एकही सरकारी माणूस गेलेला नाही. आयोजकाच्या पोरांनी घाबरून वरचं सामान गोणीत कोंबलं. अंगाला बांधलेला पट्ट्यांचा हार्नेस दवाखान्यात कापला गेला. ठाण्यात 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद झाली आणि उंचावरून पडल्याने मरण आलं असं कागदावर चढलं. उंचावरून पडल्यावर माणूस मरतो, एवढं तर त्याच्या आईलाही माहीत होतं.

रॅपलिंग आपण एखाद्या पर्यटन महोत्सवात पाहिलं असेल. हेल्मेट घातलेली मुलगी हसत हसत भिंतीवरून खाली येते, लोक टाळ्या वाजवतात. दिसायला सोपं आहे आणि घोळ तिथेच होतो. चढताना माणूस आपल्या हातापायांवर असतो, दोर असतो तो चुकून पडलो तर झेलायला. उतरताना पहिल्या क्षणापासून सगळा भार दोरावर, आणि दोराचा सगळा भार वरच्या अँकरवर, म्हणजे दोर जिथे बांधतात त्या आधारावर. म्हणून एकमेकांवर अवलंबून नसलेले निदान दोन आधार घ्यायचे, एक गेला तर दुसऱ्याने धरावं. त्या दोन आधारांकडे जाणाऱ्या पट्ट्यांमधला कोन लहान ठेवायचा, कारण कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक आधारावर पूर्ण माणसाचं वजन येतं आणि भार वाटून घेण्याला काही अर्थच उरत नाही. धारेवर दोराखाली जाड कापड घालायचं. दोराच्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे दोर संपला तरी माणूस त्यावरून निसटत नाही. शिवाय उतरणाऱ्याला दुसऱ्या दोराने वरून धरणारा एक माणूस. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

पण शेवटच्या माणसाचं काय, हे फार कोणी विचारत नाही. शिबिरात चाळीस जण उतरतात, प्रत्येकाला वरून धरलेलं असतं. सगळे उतरल्यावर त्यांना उतरवणारा उतरतो, त्याला धरायला वर कोणी उरलेलं नसतं. सामान परत न्यायचं असतं, अंधार पडत असतो, खाली बसवाला हॉर्न वाजवत असतो. मग तो जादाचे आधार सोडवतो आणि कमीत कमी सामानावर स्वतः खाली येतो. खालून दोर ताणायला उभा असलेला सोबती उतरणाऱ्याचा हात सुटला तर त्याला थांबवू शकतो. वरचा आधारच निसटला तर त्या सोबत्याच्या हातात नुसता सैल दोर उरतो. आमचा सहकारी त्या दिवशी शेवटचा होता.

त्यात आमचा दगड. सातपुडा काय आणि चाळीसगावकडची अजिंठ्याची रांग काय, सगळा लाव्ह्याच्या थरांचा बेसाल्ट. एक थर लोखंडासारखा, त्याखालचा जाळीदार, मध्येच तांबड्या, मातकट, नखाने खरवडता येणाऱ्या दगडाची पट्टी. बोल्ट मारण्याआधी आम्ही हातोडीने दगड वाजवून पाहतो. ठण्ण वाजला तर पुढचं बोलायचं, बद्द वाजला तर जागा सोडायची. पावसाचं पाणी भेगांत शिरून आतली माती धुऊन नेतं, त्यामुळे मेमध्ये पक्का वाटलेला धोंडा ऑगस्टमध्ये पक्का असेलच असं नाही. आणि धबधब्याचं रॅपलिंग म्हणजे धंदा सगळा जुलै-ऑगस्टचा. मोबाइलवर जाहिरात येते : वॉटरफॉल रॅपलिंग, ९९९ रुपये, नाश्ता, जेवण, टी-शर्ट, ड्रोनचा व्हिडिओ. अँकर कोण बांधणार हे त्यात कधी नसतं. टी-शर्टचा साइज मात्र आठवणीने विचारतात.

नियम नाहीत असं मी म्हणत नाही. २०१८ मध्ये क्रीडा खात्याचा शासन निर्णय आला, २४ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या खात्याने साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. जमीन, पाणी, हवा, तिन्हीकडचे खेळ त्यात घेतले, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं ठरलं. त्या वेळी आमच्यातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली होती, डोंगरात जायला सरकारची परवानगी कशाला म्हणून. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पैसे घेऊन दुसऱ्याचं पोर कड्यावरून सोडणाऱ्याने कुठेतरी नाव नोंदवलंच पाहिजे. अडचण एवढीच, की आमच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी आपलं प्रादेशिक कार्यालय नाशिकला. रविवारी सकाळी शहादा-धडगावच्या जंगलात किती गाड्या दोर घेऊन शिरल्या, हे नाशिकला कळायला काही मार्ग नाही. कळू शकतं ते वन विभागाच्या नाक्यावर. तिथे पावती फाडतात, गाडीत दारू आहे का बघतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात. चांगलंच करतात. टपावर बांधलेल्या दोरांच्या गोणीकडे मात्र कोणी बघत नाही. नोंदणीकृत आयोजकांची यादी नाक्यावरच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर असली आणि यादीत नसलेली गाडी तिथूनच परत फिरवायचा त्याला अधिकार असला, तर त्यासाठी नवं कार्यालय उघडावं लागणार नाही.

त्याऐवजी झालं काय, तर बंदी. तीही पुढील आदेशापर्यंत, आणि पुढचा आदेश बहुधा पुढच्या अपघाताला येईल. बंदीने आमच्यासारखे, अर्ज करून, नावांची यादी देऊन जाणारे थांबले. ९९९वाला दुसऱ्याच रविवारी पलीकडच्या नाल्यावर दोर सोडून बसला. आणि खान्देशात डोंगर बंद करून होतात का? दिवाळीत अस्तंब्याला हजारो माणसं रात्रभर चालून १,३२५ मीटरच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. त्यांना कोणी साहसी पर्यटक म्हणत नाही, आणि त्यांना थांबवण्याची कुठल्या साहेबाची छाती नाही. नसावीच.

त्या दिवशी त्याला खाली गाडीरस्त्यापर्यंत आणलं ते पाड्यावरच्या पावरा तरुणांनी, बांबूला चादर बांधून. आमच्याकडे त्याला बांबूलन्स म्हणतात. बाळंतिणी तीतूनच येतात, सर्पदंश झालेले तीतूनच येतात, आमचा माणूसही तीतूनच आला. पुण्या-मुंबईच्या बाजूला, लोणावळा-खोपोलीला, एका फोनवर दोर-स्ट्रेचर घेऊन निघणारी स्वयंसेवी पथकं आहेत. ती सातपुड्यात पोचेपर्यंत रात्र होते. पण राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी तर धुळ्यातच आहे. तापीला पूर आला की तिच्या बोटी आम्हाला दिसतात. कड्यावर माणूस अडकला तरी तिला हाक मारायची असते, हे त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी कोणाला सुचलं नाही. त्या तुकडीने आणि आम्ही मिळून पाड्यांवरच्या तरुणांना दोराने माणूस उतरवायचं शिक्षण द्यावं, सामान तिथेच ठेवावं. त्यांच्यापेक्षा लवकर तिथे कोणीच पोचणार नाही.

आता मूळ मागणीकडे येतो.

अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी गिर्यारोहणातल्या अपघातांचे अहवाल छापतो. कोण, कुठे, काय सुटलं, काय करायला हवं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॅड गोब्राइट हा नावाजलेला अमेरिकन प्रस्तरारोहक मेक्सिकोत एल पोत्रेरो चिकोच्या भिंतीवर रॅपलिंग करताना गेला. दोराची दोन टोकं खाली सारख्या लांबीची नव्हती आणि टोकांना गाठी मारलेल्या नव्हत्या. इतकं साधं, इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीत. ते लपवलं नाही म्हणून जगभर कळलं, आणि धुळ्यात सराव करणारी आमची पोरं आज गाठ मारल्याशिवाय दोर खाली टाकत नाहीत. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंग करताना अरुण सावंत गेले. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या ज्यांनी उभी हयात पालथ्या घातल्या, असे. तेव्हाही आम्ही शोकसभा घेतल्या, फोटोला हार घातले, आठवणी लिहिल्या. आठवणी हव्यातच. पण आठवणीतून अँकर बांधायला शिकता येत नाही.

आमच्या सहकाऱ्याच्या अपघाताबद्दल लोक बोलत नाहीत याचं कारण उघड आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या कलमाखाली नव्या न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तोंड उघडलं की आपणच आत जाऊ, अशी त्या दिवशी कड्यावर असलेल्या पोरांना भीती वाटते. खटला चालायचा तर चालू दे, तो पोलिसांचा आणि कोर्टाचा प्रश्न. पण विमान पडतं तेव्हा एक वेगळी तांत्रिक चौकशी होते आणि तिचा हेतू दोषी ठरवणं हा नसतो, पुन्हा तसं घडू नये हा असतो. तशी चौकशी कड्यावरच्या मृत्यूलाही लागू करा. साहसी पर्यटनाच्या धोरणात तेवढी एक तरतूद घाला : असा मृत्यू झाला की दोर, हार्नेस, पट्ट्या, कॅराबिनर जागच्या जागी सीलबंद, दोराचं काम जाणणारा तज्ज्ञ कड्याच्या माथ्यावर, तिथल्या दगडाचे आणि बोल्टचे फोटो, आणि ठरलेल्या मुदतीत मराठीत अहवाल, कोणालाही वाचता येईल असा. नोंदणी असलेल्याचा असो की नसलेल्याचा.

सुरुवात आमच्या माणसापासून करा. त्याचा दोर आणि बाकी सामान त्याच गोणीत, आयोजकाच्या गोदामात पडून आहे, फेकू नको म्हणून आम्ही सांगून ठेवलं आहे. बोल्ट अजून दगडात असेल किंवा त्याचं भोक तरी असेल. पुढच्या पावसाळ्यानंतर कदाचित तो दगडही नसेल, म्हणून हे उन्हाळ्याच्या आत व्हायला हवं. आपला अधिकारी ठरला की तारीख कळवा. माथ्यावर जायची वाट पाड्यावरच्या पोरांना पाठ आहे. दोर, हेल्मेट आणि दोन वेगवेगळे आधार आम्ही घेऊन येतो.

कळावे,

आपला,
खान्देशातील एक गिर्यारोहक