मागाबरोबर माणसातही गुंतवणूक हवी

संपादक महोदय,

इचलकरंजीच्या साध्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला साधारण १५० वेळा धावतो, तर धोट्याऐवजी हवेच्या झोताने धागा नेणाऱ्या एअरजेट मागावर हाच वेग ६०० च्या पुढे जातो. त्यामुळे तेवढ्याच कापडाला कामगार कमी लागतात, हे मान्यच करावे लागेल. मात्र मोठ्या पन्ह्याचे, निर्दोष कापड निघू लागले की नव्या मागण्या येतात आणि वार्पिंग (उभे धागे गुंडाळणे), सायझिंग (त्यांना खळ देणे), तपासणी या खात्यांत काम वाढते, हाही अनुभव आहे.

१९९९ पासून केंद्राच्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने यंत्रांसाठी अर्थसाहाय्य दिले. कामगार प्रशिक्षणाची ‘समर्थ’ योजना मात्र २०१७ मध्ये मंजूर झाली. एवढे अंतर पडायला नको होते.

माझे वडील जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर होते. धोट्याच्या नुसत्या आवाजावरून ते मागातला बिघाड ओळखत. असे अनुभवी हात नव्या मागाच्या पडद्यासमोर अडखळतात, कारण त्यांना कोणी शिकवलेलेच नसते, आणि तोवर महागडा माग बंद पडून राहतो. म्हणून यंत्राचे अनुदान मंजूर करतानाच त्या कारखान्यातील जुन्या कामगारांचे पगारी प्रशिक्षण बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी